राखीव नमुना

चिवड्याची ताटली समोर आली की काकाजी लगेच खायचे नाहीत. चमच्याच्या पाठीने आधी तो ढीग सपाट करायचे. त्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढून चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग कडेला सारायचे आणि उरलेले दोन एकत्र करून मग पहिला घास घ्यायचे. हे सगळं बोलणं न थांबवता चालायचं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याची नोकरी संपते पण हाताची सवय संपत नाही.

काकाजींनी गडचांदूरकडे एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं. ट्रकभर चुनखडीतून मूठभर खरा नमुना काढायचा तर ढीग सपाट करायचा, चार भाग करायचे, दोन टाकायचे, दोन ठेवायचे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी जे उरेल त्यातलं अर्धं तपासायला आणि अर्धं बाटलीत, लाखेचं सील लावून, राखीव.

"राखीव काऊन ठेवाचं?" मी एकदा विचारलं होतं.

"भांडण होते न, भाऊ. कारखाना म्हणते माल खराब, खाणवाला म्हणते चांगला. मंग बाटली उघडाची."

निवृत्त झाल्यावर त्यांनी राजुऱ्यात माझ्या दुकानाला लागून दोन खोल्यांचं घर बांधलं. सकाळी बुद्धविहाराच्या अभ्यासिकेतले संगणक सांभाळायचे, दुपारी माझ्याकडे येऊन बसायचे. भाजीवाला असो, पेपरवाला असो की मी, कुणी काहीही ठासून सांगितलं की त्यांचे दोनच शब्द ठरलेले. "नमुना दाखवा."

माझा धंदा मत्स्यबीजाचा. सायकलवर मासे विकण्यापासून सुरुवात केली. मग जुन्या मोपेडवर, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून कतला-रोहूची पिल्लं तलावातलावावर पोचवायला लागलो. आज माझी स्वतःची गाडी आहे. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते भाव पाडून मिळवलं आहे. समोरच्याने शंभर म्हटलं की मी साठ म्हणतो, मग ती वस्तू मला हवी असो वा नसो.

त्यामुळे त्या वर्षी जे झालं ते मला जास्त लागलं. मूल तालुक्यातल्या एका मोठ्या तलावाच्या मच्छीमार संस्थेला मी कतला-रोहूचं बीज दिलं होतं. दिवाळीनंतर जाळं ओढलं तर त्यात जिकडेतिकडे मिरगल. मिरगल तळाशी राहतो, सावकाश वाढतो, बाजारात त्याला कतल्याइतकं कुणी विचारत नाही. संस्थेच्या अध्यक्षबाई पन्नाशीच्या, स्वतः डोंगा वल्हवणाऱ्या, बोलायला तिखट. भर सभेत त्या म्हणाल्या, "भाऊनं रस्त्यात पाणी बदललं का मासे बदलले, कोणाले ठाऊक." माणसं हसली. मी आयुष्यात बरंच काही केलं असेल, पण पिशवी मी उघडली नव्हती. बाहेरच्या बीजवाल्याने बांधलेली पिशवी तशीच बंधाऱ्यावर नेली होती. महिन्याभरात आणखी दोन संस्थांनी मला नको म्हणून कळवलं. बाजारात माझं नाव पडलं, मिरगलवाले.

दुकानात बसून मी बीजवाल्याला, संस्थेला आणि अध्यक्षबाईंना आळीपाळीने शिव्या घालत होतो. काकाजींनी चिवडा सपाट केला.

"नमुना दाखवा," ते म्हणाले.

"कशाचा?"

"त्या बीजाचा. राखीव काहीतरी ठेवलं असन न."

"काकाजी, ते जिते मासे होते, दगड नाई."

"मंग तेवढी चूक तुमची," ते शांतपणे म्हणाले आणि खायला लागले.

बोटाच्या पेराएवढं बीज असतं तेव्हा कतला, रोहू आणि मिरगल जवळजवळ सारखेच दिसतात. डोकं किती मोठं, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका कसा, एवढाच फरक. मला तो कळतो. पण माझ्या डोळ्यावर आता कोण विश्वास ठेवणार होतं? हे मी बोलून दाखवलं तेव्हा काकाजी म्हणाले, "ज्याले तुमचं नाव ठाऊक नाई, त्याचा डोळा लावू. संगणकाले शिकवू."

कारखान्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी फोटोवरून दगडाची प्रत ओळखायला संगणकाला शिकवलं होतं. तिथे कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्या मनात ते राहून गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते नवीन रजिस्टर घेऊनच आले.

तिन्ही जातींचं बीज वेगवेगळं काढणाऱ्या एका माणसाकडे ते मला घेऊन गेले. नर-मादीच्या जोड्या त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या, मगच ते बीज घेतलं. माझ्या मागच्या अंगणात तीन टब मांडले. सगळे फोटो एकाच स्टीलच्या ताटलीवर, एकाच फोनने, उजेड असताना. तीन आठवड्यांत चार हजार फोटो झाले. आणि मग काकाजींनी त्यातले हजार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि संगणकाला ते दाखवायचेच नाहीत म्हणाले.

"एवढी मेहनत केली आन् पाव हिस्सा फेकून देता?" मी तापलो.

"फेकत नाई. राखीव ठेवून राह्यलो. शिकवलं तेच विचारलं तर कोणीबी पास होते, भाऊ. न पाहिलेलं विचारू तवा खरं कळन."

त्यांच्या लॅपटॉपवर शिकवणी सुरू केली तर पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला आणि पडद्यावर अंदाज आला, अकरा दिवस. काकाजींनी लॅपटॉप बंद केला. "हे याचं काम नाई. मोठी मशीन भाड्यानं घ्यावी लागते."

ते त्यांनी मला असं समजावलं. दूरच्या कुठल्या तरी शहरात एका मोठ्या इमारतीत अशा मशीन ओळीने ठेवलेल्या असतात. त्यात ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असतं, जे हजारो बारीक गणितं एकदम करतं. आपण राजुऱ्यात बसून ती तासाने भाड्याने घ्यायची. काम झालं की परत.

"म्हणजे जेसीबी," मी म्हणालो.

"हाव. फक्त डायवर आपणच."

भाड्याचं नाव निघताच माझ्या जिवात जीव आला. ही गोष्ट मला कळत होती. त्यांच्या वेबसाइटवर मी दर पाहिले आणि बोलणी करायला फोन नंबर शोधला. नव्हता. एक खिडकी होती, तिथे मी लिहिलं की आम्ही कायमचे गिऱ्हाईक होऊ, नीट भाव सांगा. क्षणात उत्तर आलं की आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. ज्याला राग येत नाही, ज्याला उठून चाललो असं दाखवता येत नाही, त्याच्याशी माणसाने घासाघीस कशी करायची? काकाजी तोंडावर रुमाल धरून हसत होते.

पण शोधता शोधता मला निम्म्याहून कमी दराची मशीन सापडली. तीच ताकद, तेच कार्ड. काकाजींनी चष्मा वर करून खालची बारीक अक्षरं वाचली. "ही बोलीवरची आहे, भाऊ. आपल्यापरस कोणी जास्त बोली लावली तर चालू कामातून काढून घेतात."

"भर दुपारी कोण येते बोली लावाले? घ्या तुमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि घेतली.

पहिला तास मी वाया घालवला. मशीन सुरू करून मोकळा झालो आणि मग फोटो पाठवायला लागलो. आपल्याकडचं नेट तुम्हाला माहीत आहे. फोटो गोगलगायीसारखे सरकत होते, मीटर मात्र पळत होतं. जेसीबी शेतात उभी करून मग डिझेल आणायला जावं, तसा प्रकार. काकाजींनी मशीन बंद केली. सगळे फोटो त्यांनी आधी आपल्या लॅपटॉपवर लहान केले, एका गठ्ठ्यात बांधले आणि मगच पुन्हा सुरू केली. "जे घरी होते ते घरी कराचं. मीटर मंग."

मशीनमध्ये शिरायला पासवर्ड नव्हता, किल्ली होती. किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांची एक फाइल. तिचा एक अर्धा भाग मशीनकडे राहतो, दुसरा आपल्याकडे, आणि आपला कुणालाच द्यायचा नसतो. काकाजींनी एक ओळ टाइप केली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. त्यांनी वाचून अर्थ सांगितला, "म्हणते, या मशीनशी तुमची ओळख नाई. विश्वास ठेवाचा का?"

गेले सहा महिने मला कुणी हा प्रश्न या बाजूने विचारला नव्हता. मी ज्याच्या त्याच्यासमोर माझ्यावर विश्वास ठेवा म्हणत फिरत होतो, आणि इथे एवढी मोठी मशीन आम्हालाच विचारत होती.

"लिहा हो," मी म्हणालो.

त्यांनी हो लिहिलं आणि आम्ही आत गेलो. आत म्हणजे काय, तर तोच काळा पडदा आणि लुकलुकणारी एक खूण. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. मग त्यांनी आणखी एक शब्द टाइप केला आणि आकड्यांची एक चौकट उघडली. कार्ड कोणतं, मेमरी किती भरली, तापमान किती. तापमान वाचून काकाजींचा चेहरा उजळला. कारखान्यातल्या भट्टीच्या तापमानासारखं ओळखीचं काहीतरी त्यांना भेटलं होतं. रजिस्टर ओढून त्यांनी लिहिलं, भट्टी ५६, ठीक.

शिकवणी सुरू झाली. दर थोड्या वेळाने पडद्यावर एक ओळ उमटायची आणि चुकांचा आकडा खाली यायचा. मी दुकान उघडं टाकून त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. आकडा खाली आला की माझा श्वास मोकळा व्हायचा.

तीन तासांनी ओळी थांबल्या. मला वाटलं नेट गेलं. वेबसाइटवर पाहिलं तर मशीन आमची राहिलीच नव्हती. कुणीतरी जास्त बोली लावली होती.

मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भर कामातून मशीन काढून दुसऱ्याला देतात, आणि भांडायला समोर माणूस नाही. टेबलावर हात आपटला तर काकाजींचा चहा सांडला. त्यांनी फडका घेतला, टेबल पुसलं आणि लॅपटॉपवर एक फोल्डर उघडला. राखीव-१, राखीव-२, असं करत राखीव-९ पर्यंत. दर वीस मिनिटांनी ते अर्धवट शिकलेली फाइल तिकडून इकडे आणत होते. मागे उभा असूनही मला ते दिसलं नव्हतं.

"तुमी बोलीवरची घेतली तवाच ठरवलं होतं," ते म्हणाले. "जास्तीत जास्त वीस मिंटं गेली. बाकी सारं आपल्याजवळ आहे."

मी खाली बसलो. आणि मग, जणू पाऊसपाण्याचं बोलावं तसे ते बोलले, "राग नका येऊ देऊ, भाऊ. तुमी भाव पाडला का समोरचा बी काहीतरी पाडतेच. या कंपनीनं तसं लिहून तरी देल्लं होतं. तुमच्या बीजवाल्यानं लिहून नाई देल्लं, एवढाच फरक."

मी उठून दुकानात गेलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्या वर्षी बीजवाल्याचा भाव मी किती खाली आणला होता आणि कुणाकुणाला ते फुशारकीने सांगितलं होतं, हे सगळं मला आठवत होतं. तिसऱ्या दिवशी मी चिवड्याची ताटली घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "पुऱ्या भावाची घ्या."

राखीव-९ पासून पुढे सुरू केलं आणि संध्याकाळच्या चहाआधी शिकवणी संपली. मग काकाजींनी तो बाजूला ठेवलेला हजार फोटोंचा फोल्डर उघडला. न पाहिलेले मासे मशीनने शंभरातले शहाण्णव बरोबर ओळखले. मी म्हणालो, संस्थेत सांगताना शंभरच सांगू, चाराने काय होते. काकाजींनी रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, शंभरात चार चुकतात. तेच पान घेऊन आम्ही मूलकडे गेलो.

त्याच बीजवाल्याकडून मुद्दाम आणलेल्या, त्यानेच बांधलेल्या पिशव्या सोबत होत्या. अध्यक्षबाईंच्या हातात कात्री दिली आणि सगळ्यांसमोर त्यांनीच पिशवी कापली. काकाजींनी पाणी ढवळून चार जागांहून एकशे वीस पिल्लं काढली. एकेक ताटलीवर ठेवायचं, फोटो काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचं. शिकलेली फाइल आता त्यांच्या लॅपटॉपवरच चालत होती. तिने आकडा दिला. काकाजींनी तो कुणालाही न दाखवता कागदावर लिहिला, पाकिटात घातला, लाखेचं सील लावलं आणि अध्यक्षबाईंना दिला.

"हे तुमच्या कोठीत ठेवा, बाई. आन् हे मासे वेगळ्या जाळीत वाढवा. तीन महिन्यानं ते कोन आहेत ते स्वतःच सांगतीन."

"आन् नाई जुळलं तं?"

"तं हे मिरगलवाले, आन् मी त्यांचा लबाड काका."

माणसं हसली. मीही हसलो, पण पुढचे तीन महिने कसे काढले ते मला ठाऊक. नाव परत मिळणार की कायमचं जाणार, ते बाईंच्या तांदळाच्या कोठीत पडलं होतं.

जाळी वर काढली त्या सकाळी बंधाऱ्यावर सगळं गाव होतं. एकशे आठ जगले होते. आता ते ओळखायला मशीन नको होती. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अध्यक्षबाईंनी स्वतः एकेक मासा हातात घेतला आणि मिरगल वेगळ्या टोपल्यात टाकले. छत्तीस भरले. म्हणजे शंभरी तेहतीस. मग त्यांनी पाकीट आणवलं, लाख फोडली आणि कागद शाळेच्या गुरुजींना वाचायला दिला. काकाजींचं अक्षर तिरपं होतं. गुरुजींनी सावकाश वाचलं. एकशे विसात एकेचाळीस मिरगल. शंभरी चौतीस. चार चुकू शकतात.

बाईंनी टोपल्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक कुठी गेला?" त्या म्हणाल्या.

आणि बंधारा हसायला लागला. मी त्या दिवशी किती मोठ्याने हसलो ते मलाच आठवत नाही. भेसळ पिशवीतच होती. माझ्या हातात नव्हती, रस्त्यात नव्हती, आणि ते आता लाखेच्या सीलमधून बाहेर आलं होतं, गुरुजींच्या तोंडून, सगळ्या गावासमोर.

"पुढल्या साली बीज तुमीच आणजा, भाऊ," बाई म्हणाल्या. "पण या काकाजींले घेऊन येजा."

माफी त्यांनी मागितली नाही. मी कान तयार ठेवून उभा होतो. अजूनही कधी त्या बंधाऱ्यावर गेलो की थोडा वेळ उभा राहतो. त्यांनी तलावातला एक जुना, चांगला मोठा कतला काढला आणि तोही काकाजींच्या हातात दिला, माझ्या नाही. परतताना काकाजींनी गाडी थांबवायला लावली, नदीच्या घाटावर मासा धुतला आणि त्याचे चार भाग केले. समोरासमोरचे दोन मला, दोन त्यांना.

नको म्हणालेल्या दोन्ही संस्था महिन्याभरात परत आल्या. मिरगलवाले हे नाव मागे पडलं. बीजवाल्याकडे मी पाकिटातल्या कागदाची नक्कल घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वाढवून दिला आणि वर सांगितलं की यापुढे प्रत्येक पिशवी इथेच, तुझ्यासमोर, तपासून नेईन.

काकाजी माघात गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते. भिलाईहून मुलगी आली. जाताना तिने घराला कुलूप लावलं, लॅपटॉप सोबत नेला आणि माझ्या हातात काचेची एक बाटली दिली. प्रयोगशाळेतली, रुंद तोंडाची, बुचावर लाख. चिठ्ठीवर तेच तिरपं अक्षर होतं. राखीव. शेजारच्या भाऊंसाठी. वाद झाल्यास उघडावी.

मी ती बाटली गल्ल्याच्या वर ठेवली. उघडायचं मनात आलं नाही.

या आषाढात अध्यक्षबाईंचा फोन आला. "औंदा गवत्या बी पाह्यजे, भाऊ. आन् मशीनले दाखवून देजा. नमुना पाहिल्याबिगर पिशवी कापत नाई आमी आता."

गवत्या हा चौथा मासा. शिकवलेल्या मशीनला तो माहीतच नव्हता. पुन्हा फोटो, पुन्हा भाड्याची मशीन, पुन्हा तो काळा पडदा, आणि शेजारच्या घराला कुलूप. दोन दिवस मी नुसता चिडचिड करत होतो. मग एका दुपारी लाख फोडली.

आत पेनड्राइव्ह होता. त्यात किल्ली, सगळे फोटो आणि शिकलेली फाइल. सोबत घडी घातलेला कागद. एक, फोटो घरीच लहान करावे, मीटर नंतर. दोन, पाव हिस्सा बाजूला ठेवावा, कितीही राग आला तरी. तीन, पुऱ्या भावाची मशीन घ्यावी. या ओळीखाली दोन रेघा होत्या. मग कोणत्या ओळी टाइप करायच्या ते अक्षर न अक्षर. आणि शेवटी, काम झालं की मशीन बंद करावी, लॅपटॉप मिटल्याने ती बंद होत नाही.

गवत्याचे फोटो काढून झाले आणि उसना लॅपटॉप आणून बसलो, तर माझं बोट एकेका अक्षरावर अडखळत होतं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पडद्यावर तोच प्रश्न आला. या मशीनशी तुमची ओळख नाही, विश्वास ठेवायचा का?

मी हो लिहिलं. खूण लुकलुकली. चिठ्ठीतला पुढचा शब्द टाइप केला आणि आकड्यांची चौकट उघडली. गवत्याचे फोटो आत गेले, पहिली ओळ उमटली, आणि चुकांचा आकडा खाली यायला लागला. मी दुकानात एकटा होतो, तरी मांडी थोपटली.

मग माझ्या दुकानात राहून गेलेलं त्यांचं रजिस्टर काढलं. मशीनच्या तापमानाच्या पानावर त्यांची शेवटची ओळ होती, भट्टी ५६, ठीक. त्याच्या खालची ओळ रिकामी होती. मी पेन घेतलं आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, भट्टी ५४, ठीक.